इंजिनावरची खूण

आमच्या नावेच्या इंजिनाची पहिली किंमत भंगारवाल्याने केली. त्याने ते काट्यावर ठेवलं, काटा अठ्ठावीस किलोवर थांबला. पितळ किती, अ‍ॅल्युमिनियम किती, असं मनाशी पुटपुटून तो म्हणाला, "तेवीसशे. तुम्ही ओळखीचे म्हणून."

बाबांनी डाव्या हाताने इंजिनाची मूठ धरली, मी पंख्याकडची बाजू उचलली, आणि आम्ही इंजिन परत हातगाडीवर ठेवलं. उजवा खांदा त्यांचा दोन वर्षांपासून कामातून गेलेला. चाळीस वर्षं त्या इंजिनाची दोरी ओढून ओढून तो निखळला, आणि आता तेच इंजिन उचलायला त्याचा उपयोग नव्हता. भंगारवाल्याच्या दारात उभं राहून त्यांनी हातगाडीला दोरी आवळली, तीसुद्धा दातांनी गाठ मारून. मला त्यांची दया आली आणि रागही आला. एवढी घाई करून भंगारवाल्याकडे पहिलं यायचं कारणच काय होतं?

"कळावं म्हणून," ते वाटेत म्हणाले. "सगळ्यात कमी किती, ते आधी कळलेलं बरं."

ते इंजिन आजोबांनी घेतलं तेव्हा तळ्यावर सगळ्यांच्या हातात वल्ही होती. वरती गोल टाकी, लाकडी मूठ, चाकाला गुंडाळून ओढायची दोरी, आणि नावेला आवळायच्या शिकंज्यावर रिव्हेट मारलेली पितळी पट्टी. आमची नाव माणसं ह्या काठावरून त्या काठावर न्यायची. शाळेची मुलं, बाजाराची ओझी, बाळंतिणी, एकदा तर कुणाचं तरी लग्नाचं कपाट. मग मागच्या थंडीत पूल झाला. पुलावरून जायला दहा मिनिटं लागतात आणि पैसे पडत नाहीत. पहिल्या आठवड्यात काही म्हातारी माणसं सवयीने काठावर येऊन उभी राहिली, मग तीही यायची थांबली. नाव पालथी घातली, आणि इंजिन घरात आलं ते माझ्या शिवणयंत्राशेजारी, गोणपाटावर. मी ताडपत्रीच्या पिशव्या शिवते. दिवसभर माझ्या नाकात ताडपत्रीचा आणि तेलाचा वास.

दुसरी किंमत मिस्त्रीने केली. त्याने नळी हुंगली, प्लग काढून पाहिला, पंखा हाताने फिरवला आणि म्हणाला, "चालू आहे, म्हणजे नऊ हजारांचा माल. पण घेणार कोण? पूल झाल्यापासून माझ्याकडेच तीन पडलीत. तुम्हाला चौथं ठेवायचं असेल तर ठेवा, भाडं घेत नाही."

तिसरी किंमत माझ्या फोनने केली. मी सहज शोधलं तर जुनी इंजिनं जमवणारी माणसं निघाली. असलीच गोल टाकी, असलीच मूठ, आणि खाली आकडे पन्नास हजार, सत्तर, एक तर नव्वद. मी फोन बाबांपुढे धरला. त्यांनी चष्मा लावून पाहिलं, काढून पाहिलं आणि म्हणाले, "एक शून्य जास्त पडलंय कुणाकडून तरी."

आईने मात्र फोन हातात घेतला नाही, कारण तिची बोटं फोनला कळत नाहीत. आई बारा वर्षं बर्फाच्या शेडमध्ये मासळी साफ करते. पेटीत खालीवर बर्फ, मध्ये मासे. एका हाताने बर्फातून मासा उपसायचा, दुसऱ्या हाताने पोट फाडायचं. थंडीत तिची बोटं आधी पांढरी पडायची, मग निळी. आता ती उन्हाळ्यातही पांढरी पडतात. दवाखान्यातल्या बाईंनी सुई घेऊन तिच्या बोटांची टोकं तपासताना विचारलं, कळतंय का. आई म्हणाली, कळतंय. ती भिंतीकडे बघत होती आणि सुई अजून टोचलीच नव्हती. बाईंनी सांगितलं, पुढच्या थंडीच्या आत हे हात बर्फातून बाहेर काढा, नाहीतर टोकं काळी पडतील आणि कापावी लागतील.

पुलाच्या तोंडाशी चहाची एक टपरी आहे. तिची मालकीण म्हातारी झाली, मुलाकडे जायची आहे. तिने आईला शब्द दिला होता, महिनाअखेर चाळीस हजार आण, भांड्यांसकट टपरी तुझी. चहाची किटली गरम असते. आई एवढंच म्हणाली होती, किटली गरम असते.

म्हणून मी फोटो काढले, चारी बाजूंनी, पितळी पट्टीसकट, आणि फोनवर विक्रीला टाकले. तिसऱ्या दिवशी एका माणसाचा फोन आला. त्याचं शहरात घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं, आणि जुनी इंजिनं हा त्याचा शौक. आवाज सावकाश, शब्द मोजून.

"फोटोत दिसतंय तसंच हवं मला," घड्याळवाला म्हणाला. "रंग लावू नका, पॉलिश करू नका, नवा स्क्रूसुद्धा नको. रविवारी येतो. किंमत समोर बसून ठरवू."

हे मी बाबांना शब्दन्‌शब्द सांगितलं. त्यांनी ते असं पाळलं की आई सवयीने टाकीवरून फडकं फिरवायला गेली तर तिच्या हातातून फडकं काढून घेतलं.

आता किंमत ठरवायची होती. आई म्हणाली साठ, म्हणजे घासाघीस होऊन पन्नासला तरी उतरेल. आकड्यात अडचण नव्हती, अडचण बाबांच्या तोंडात होती. नावेत बसलेल्या माणसाने खिशात हात घातला की बाबा आधीच म्हणायचे, राहू दे, परतताना द्या. समोरच्याला पैसे सांगताना त्यांचा आवाज आपोआप खाली जातो. शुक्रवारी संध्याकाळी आईने त्यांची तालीम घेतली. ती गरम पाण्याच्या भांड्यात हात घालून बसली होती.

"मी गिऱ्हाईक," ती म्हणाली. "बोला, कितीला देणार?"

"साठ हजार," बाबा म्हणाले. "म्हणजे थोडं इकडेतिकडे झालं तरी बघू."

"मी अजून तोंडसुद्धा उघडलं नाही."

"बरं. साठ हजार." मग जरा थांबून, "दुसऱ्या ओढीला कधीकधी मागे लाथ मारतं, हे सांगायला लागेल."

"पैसे हातात आल्यावर सांगा."

"असं कसं? पाण्यावर वापरायची वस्तू आहे. दोष आधीच सांगतात."

आईने मान हलवली. पुन्हा म्हणायला लावलं. सातव्या-आठव्या खेपेला "साठ हजार" एवढंच तोंडातून निघालं आणि ते गप्प बसले, पण मान अशी खाली घातली होती की कुणी म्हणालं असतं, ह्यांनी काहीतरी चोरलंय. आई हसली. पुष्कळ दिवसांनी हसली, आणि हसता हसताच म्हणाली, "आणि खूण घासा हं. विसरू नका."

"विसरेन कसा," बाबा म्हणाले.

ही खूण म्हणजे तीन ठिपके आणि खाली आडवी रेघ. तळ्यावरच्या प्रत्येक नावाड्याच्या घराची वेगळी. नाव उलटते, फुटते, लाकडं कुठल्या कुठे जातात; इंजिन जड, ते जिथल्या तिथे बुडतं. माणूस सापडला नाही तरी इंजिन सापडतं, आणि त्यावरच्या खुणेवरून कळतं, निरोप कुठल्या दारी न्यायचा. म्हणून इंजिन विकताना विकणारा आपली खूण घासून टाकतो. आजोबांनी आमची खूण त्या पितळी पट्टीवर ठोकली होती, कारण सगळ्या इंजिनात मऊ जागा तीच. पट्टीवर कारखान्याचं नाव होतं, नंबर होता. नंबराच्या आकड्यांमधूनच ठिपके गेले होते.

माझ्या काकांनी एकदा खूण न घासता इंजिन विकलं होतं. घेणाऱ्याची नाव वादळात उलटली. लोकांनी इंजिन वर काढलं, खूण पाहिली आणि आमच्या दाराशी आले. बाबा त्या दिवशी पलीकडच्या काठाला अडकलेले. मी सात वर्षांची होते. मला आठवतं, आई रडली नाही; ती उंबऱ्यावर बसून राहिली आणि शेजारणींनी तिला धरून ठेवलं होतं, धरायची काही गरज नसताना. सकाळपासून दुपारपर्यंत ती विधवा होती. मग बाबा चिखलातून चालत आले, हातात ओला सदरा. आईने त्यांना पाहिलं आणि पहिल्यांदा त्यांच्या तोंडात मारली. काकांशी ती आजतागायत बोललेली नाही.

शनिवारी दुपारी बाबांनी इंजिन अंगणात घेतलं. कानस मीच आणून दिली, आणि शिकंजा हलू नये म्हणून मीच धरला. डाव्या हाताने त्यांना नीट जोर येईना, म्हणून बराच वेळ लागला. ठिपके खोल होते. खूण अर्धीमुर्धी ठेवणं वाईट, म्हणून त्यांनी सगळी पट्टी एकसारखी उतरवली. शेवटी अंगठा फिरवून पाहिला. गुळगुळीत. त्यांना काही चुकल्यासारखं वाटलं नाही, मलाही नाही. रंग लावू नका म्हणाला होता, आम्ही लावला नव्हता.

रविवारी शेडमध्ये माल जास्त येतो. आई पहाटेच गेली होती. जाताना बाबांना म्हणाली, "मान वर."

घड्याळवाला दहाला आला. लहानशी गाडी, बारीक अंगाचा माणूस, चकचकीत बूट. इंजिन दिसल्याबरोबर तो अंगणातल्या ओल्या मातीत गुडघे टेकून बसला. पँटकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही. टाकीवर आडवा हात ठेवून तो थोडा वेळ नुसताच बसला, तेव्हाच मला वाटलं, हा घेणार.

आम्ही इंजिन पाण्याच्या पिंपाच्या काठाला आवळलं. बाबांनी चाकाला दोरी गुंडाळली आणि टोक त्याच्या हातात दिलं.

"तुम्हीच ओढा. माझा खांदा गेलाय. आणि सांगून ठेवतो, दुसऱ्या ओढीला लाथ मारतं. अंगठा दोरीत अडकवू नका."

पहिली ओढ वाया गेली. दुसरीला इंजिनाने लाथ मारलीच. तिसऱ्या ओढीला इंजिन लागलं. पिंपातलं पाणी उसळून अंगणभर उडालं, निळा धूर शेजारच्या भिंतीवर चढला. घड्याळवाल्याचे बूट भिजले आणि तो हसत सुटला. बाबा मुठीवर हात ठेवून उभे होते. नऊ महिन्यांनी तो आवाज घरात आला होता. मला रडू येत होतं, ते मी धुरावर ढकललं.

इंजिन बंद करून घड्याळवाल्याने हात पुसले. "कितीला देणार?"

मी खाली बघितलं. बाबांनी मान वर ठेवली.

"साठ हजार," ते म्हणाले, आणि पुढे एक शब्द बोलले नाहीत.

"ठीक," घड्याळवाला म्हणाला. एवढंच. घासाघीस नाही, काही नाही. त्याने खिशातून लहानशी वही काढली. "फक्त नंबर उतरवून घेतो. माझ्याकडे सगळ्यांची नोंद असते."

तो शिकंज्याकडे वाकला. मग खिशातून घड्याळाचं भिंग काढून डोळ्याला लावलं. भिंग लावून काय दिसणार होतं? पट्टी उन्हात लखलखत होती.

"नंबर कुठे गेला?"

"खूण होती आमची," बाबा म्हणाले. "ती घासली. विकताना घासतात."

"फोटोत होता नंबर."

"काल घासला." मग त्यांनी त्याला सगळं सांगितलं, घराची खूण, बुडालेली नाव, दारी येणारा निरोप. घड्याळवाला मातीत बसून ऐकत होता.

"तुम्ही रंग नको म्हणालात, लावला नाही," बाबा शेवटी म्हणाले. "पॉलिश नको म्हणालात..."

"बरोबर आहे तुमचं. मी खुणेचं विचारलंच नाही." त्याने भिंग खिशात ठेवलं. "पण मी हे पाण्यात घालणारच नव्हतो. काचेच्या कपाटात ठेवणार होतो."

"ते मला कुठे ठाऊक?" बाबा म्हणाले.

मग त्याने किंमत सांगितली. नंबर नसला की दहा जण विचारतात, चोरीचं आहे का, चार इंजिनांचं जोडून बनवलंय का. पुढे कुणाला दाखवता येत नाही. चालू आहे म्हणून बावीस हजार. मी चाळीस म्हणून पाहिलं. तो म्हणाला, "ताई, मी घड्याळं दुरुस्त करतो, सावकारी नाही करत," आणि त्याच्या बोलण्यात मला लबाडी दिसली नाही. लबाड असता तर बरं झालं असतं, निदान मला भांडता आलं असतं.

बाबा म्हणाले, "चालेल." आवाज पुन्हा खाली गेला होता.

पैसे देऊन, इंजिन गोणपाटासकट गाडीत घालून तो निघाला तेव्हा बाबा आत जाऊन पिनांचा डबा घेऊन आले. "दगडाला लागलं तर पिन तुटते, पंखा वाचतो. असू द्या जवळ." कपाटात दगड कुठून येणार, हे घड्याळवाला बोलला नाही. त्याने डबा घेतला.

गाडी वळल्यावर बाबा मला म्हणाले, "आईला सांगायचं, इंजिन चालूच झालं नाही. माझ्या खांद्यामुळे ओढता आलं नाही, म्हणून भाव पडला."

"आणि खोटं कशाला?"

"खूण घासायला तिने सांगितलं होतं. तिच्याच हातांचा प्रश्न. उगाच तिच्या डोक्याला कशाला?"

आई चारला आली. अंगणात थांबली, मग आत येऊन पाणी गरम करायला ठेवलं. भांड्यात हात बुडवून बसल्यावर विचारलं, "किती?"

"बावीस," बाबा म्हणाले. "चालू झालं नाही. खांदा गेला ना माझा. त्याला वाटलं, बंदच आहे."

आई पाण्यातल्या बोटांकडे बघत होती. "चालू झालं नाही," ती म्हणाली. "मग पिंपातलं पाणी अर्ध्यावर कसं? वर तेलाचा तवंग आहे. भिंत काळी झालीय."

बाबांनी चाळीस वर्षं नाव चालवली आणि त्यांना पिंप ओतून द्यायचं सुचलं नाही. आईने माझ्याकडे पाहिलं. मी दोन घटकाही टिकले नाही. साठ म्हटलं होतं, मान वर होती, तो ठीक म्हणाला होता, मग नंबर, मग कपाट. सगळं सांगून टाकलं.

कानस खिडकीत तशीच होती. आईने ओल्या हाताने ती उचलली. दातऱ्यांत पिवळा भुगा अडकला होता. तिने तो नखाने काढायचा प्रयत्न केला, तिला जमलं नाही, आणि तिने कानस खाली ठेवली.

"कपाटात ठेवणार होता म्हणे," बाबा म्हणाले. "मी आधी विचारायला हवं होतं."

"आज कपाटात. उद्या तो मेला, त्याच्या मुलाने विकलं, कुणीतरी नावेला लावलं तर?" आईने हात पुन्हा पाण्यात घातले. "मला आधी माहीत असतं ना, तरी घासायलाच लावलं असतं. त्या उंबऱ्यावर मी बसले होते, तुम्ही नाही. तसला दिवस साठ हजार घेऊनही मला परत नको."

मग ती म्हणाली, "पण मान वर होती ना?"

"होती," मी म्हणाले.

टपरीच्या म्हातारीला निरोप द्यायला मीच गेले. तिने बावीस घेऊन वाट बघायचं नाकारलं. तिचा मुलगा दारात सामान बांधून उभा होता.

सोमवारी पहाटे आई निघाली तेव्हा बाबा सदरा घालून दारात उभे होते.

"कुठे?"

"शेडमध्ये."

शेडमध्ये पुरुष पेट्या उचलतात. बाबांना पेटी उचलता येणार नाही, हे सगळ्या काठाला माहीत होतं, आणि बायकांच्या ओळीत बसून मासळी साफ करणारा पुरुष तिथे कुणी पाहिला नव्हता. मीही गेले पाठोपाठ, मला राहवेना. बाबांना पाहून बायकांचे चाकू थांबले. कुणीतरी म्हणालं, "नाव इकडे कुठे लागली?" आणि सगळ्या हसल्या. बाबाही हसले, पण त्यांचे कान लाल झाले होते.

मुकादमबाई वही घेऊन आली. "टोपलीमागे भाव असतो," ती म्हणाली. "नवीन माणसाला शिकेपर्यंत अर्धा..."

"चालेल," बाबा म्हणाले. तिचं वाक्यही पुरं झालं नव्हतं.

आईने बुटाने त्यांचा पाय दाबला. "पाऊण," ती मुकादमबाईला म्हणाली. "आम्ही दोघं एका पेटीवर बसणार. बर्फातून काढायचं ह्यांनी, चाकू माझा. माल माझ्याच हातचा असेल."

मुकादमबाईने आईच्या बोटांकडे पाहिलं, मग बाबांच्या खांद्याकडे. "पाऊण," तिने वहीत लिहिलं.

ती दोघं पेटीच्या दोन बाजूंना बसली. बाबांनी डावी बाही वर सारली आणि बर्फात कोपरापर्यंत हात घातला. त्यांचा चेहरा एकदम आवळला, मग त्यांनी तो सैल केला. मासा काढून आईच्या कोरड्या हातात दिला.

"फार काही गार नाही," ते म्हणाले.

"आहे," आई म्हणाली, आणि चाकू चालवायला लागली.